उडती तबकडी की उडतं भंगार?

अवकाशातल्या व्हिडिओत पळणारे ते पांढरे ठिपके नेमके कोण? साताऱ्याचा एक कट्टर ‘बिलीव्हर’, सांगलीचा एक कॅमेरावाला, मूठभर हळद आणि आठवीतल्या पोरांसमोरचं एक भाषण... एका जंगी वादाची ही हकिकत!

स्क्रीन काळीकुट्ट. खाली पृथ्वीची वक्र कडा, तिच्यावर वातावरणाचा फिकट पट्टा. क्षितिजाजवळ एक पांढरा ठिपका उगवतो आणि निवांत सरकू लागतो. अचानक पडद्यावर क्षणभर झगमगाट. ठिपका थबकल्यासारखा होतो, झटकन वळतो आणि सुसाट पळ काढतो. पाठोपाठ दुसरी एक रेघ सटकन वर निघून जाते. खल्लास!

हा व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिला असणारच. १५ सप्टेंबर १९९१ चा, डिस्कव्हरी या अमेरिकन स्पेस शटलच्या कॅमेऱ्यानं टिपलेला. मोहीम क्रमांक एसटीएस-४८. आधी तो व्हीएचएस कॅसेटवर फिरला, मग सीडीवर, मग ऑर्कुटवर, मग यूट्यूबवर आणि आता रीलमध्ये. दर वेळी चित्र थोडं आणखी फाटतं आणि मागचं म्युझिक थोडं आणखी भीतीदायक होतं. गोष्ट मात्र तीच! तो ठिपका म्हणजे परग्रहावरचं यान, झगमगाट म्हणजे धोक्याचा इशारा आणि ती रेघ म्हणजे त्याच्यावर झाडलेलं अमेरिकेचं सिक्रेट शस्त्र.

आमच्या घरात या गोष्टीचा अधिकृत प्रचारक म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत टेस्टर. वर्क फ्रॉम होम सुरू झाल्यापासून मुक्काम पोस्ट सातारा. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून काढणारा हा माणूस रात्री अकरानंतर मात्र कुठल्याही व्हिडिओवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. मी त्याला दादा म्हणते, पण या लेखापुरतं ‘सातारकर’ म्हणू.

इतके दिवस हा सगळा टाइमपास होता. यंदा जानेवारीत मात्र सातारकराला त्याच्या जुन्या शाळेतून फोन आला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, माजी विद्यार्थी म्हणून आठवी-नववीच्या पोरांसमोर अर्धा तास बोलशील का? विषय आवडीचा घे. गड्यानं दोन दिवसांत प्रेझेंटेशन करून मला पाठवलं. पहिल्याच स्लाइडवर एसटीएस-४८ चा तो फोटो आणि खाली लाल अक्षरात एकच शब्द : ‘पुरावा’.

मग मात्र मला राहवेना. मोठ्यांनी आपापसात काय वाटेल त्या गप्पा माराव्यात. पण सव्वाशे पोरं ज्याच्याकडे ‘आपल्या शाळेचा इंजिनीअर’ म्हणून बघणार, त्यानं फळ्यावर ‘पुरावा’ लिहायचं म्हणजे जरा जबाबदारीचं काम.

मी तो व्हिडिओ माझ्या सांगलीच्या मित्राला पाठवला. आम्ही मास कॉमला एका बॅचला होतो. मी लिहीत राहिले, त्यानं गावी जाऊन लग्नाच्या शूटिंगचा धंदा टाकला. आज त्याच्याकडे तीन कॅमेरे, एक ड्रोन आणि एप्रिल-मेमध्ये श्वास घ्यायला वेळ नाही. दहा मिनिटांत त्याचा रिप्लाय : ‘अगं, ही तर लेन्ससमोरची धूळ आहे. अक्षतांच्या वेळी माझ्या प्रत्येक शॉटमध्ये येते.’

मी तो मेसेज सातारकराला फॉरवर्ड केला. उत्तर आलं : ‘धूळ यू-टर्न घेते का राव?’

झालं. पेटलं!

बर्फाला ढकललं कुणी?

प्रश्न फालतू नाही. खुद्द तज्ज्ञांमध्येही यावर भांडणं झाली आहेत. नेब्रास्का विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॅक कॅशर यांनी गणितं मांडून हे ठिपके बर्फाचे असूच शकत नाहीत, असं म्हटलं. दुसऱ्या बाजूला जेम्स ओबर्ग. ह्यूस्टनच्या मिशन कंट्रोलमध्ये अनेक वर्षं काम केलेला माणूस. त्यांचं म्हणणं ऐकलं की शटल कसं चालतं हेच कळायला लागतं.

शटल ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगानं पृथ्वीभोवती फिरायचं. त्याच्यातून सुटलेला बर्फाचा कपचा, रंगाचा पापुद्रा, एखादा धागा, सगळं त्याच वेगानं त्याच्यासोबतच फिरतं. खाली पडत नाही, मागे राहत नाही. शेजारी तरंगत राहतं. आणि बर्फाला तोटा नाही. जास्तीचं पाणी बाहेर सोडलं जायचं, थ्रस्टरमधून इंधन झिरपायचं आणि बाहेर पडल्यापडल्या गोठायचं. थ्रस्टर म्हणजे शटलची दिशा सावरणारी छोटी इंजिनं. त्यातलं एक पेटलं की क्षणभर झगमगाट होतो आणि गॅसचा फवारा सुटतो. त्या फवाऱ्यात सापडलेला कपचा ढकलला जाणारच. व्हिडिओतला ठिपका आधी वळला आणि मग प्रकाश दिसला असं नाही. आधी प्रकाश, मग वळण.

सातारकराला हे पटलं नाही. त्याचा मुद्दा सरळ होता : ‘ठिपका क्षितिजाच्या मागून वर आला. म्हणजे तो हजारो किलोमीटर लांब होता. तेवढ्या लांबून एवढ्या झपाट्यानं वळणारी वस्तू माणसाची नाही.’

खरं तर सगळा वाद इथेच येऊन अडकतो. ठिपका हजार किलोमीटरवर असेल तर त्याचा वेग अचाट. दहा मीटरवर असेल तर तो आपल्या आजोबांच्या मॉर्निंग वॉकपेक्षाही हळू. एका कॅमेऱ्याच्या सपाट चित्रात अंतर कळतच नाही! राहिलं क्षितिजाचं. शटलवर सूर्य उगवलेला असतो, खालची पृथ्वी अजून अंधारात असते. शटलच्याच सावलीत तरंगणारा कपचा सावलीबाहेर आला की एकदम लखलखतो. ‘मागून उगवला’ असं आपल्याला वाटतं. तो तिथेच होता, दिवा आत्ता लागला.

‘हे सगळं थिअरी झालं,’ सातारकर म्हणाला. ‘दाखव.’

चलो सांगली

दाखवायची सोय सांगलीत होती. शनिवारी सकाळी आम्ही दादाच्या गाडीनं निघालो. (त्याच्या मते आम्ही भडंग आणायला चाललो होतो.) कऱ्हाड मागे पडेपर्यंत त्यानं अमेरिकन नौदलाच्या व्हिडिओंवर मला लेक्चर दिलं. पेंटागॉननं २०२० च्या एप्रिलमध्ये तीन व्हिडिओ अधिकृतपणे खुले केले, हे खरंच आहे. त्यातल्या ‘गोफास्ट’ नावाच्या क्लिपमध्ये समुद्रावरून काहीतरी बुलेटसारखं जाताना दिसतं. मी म्हटलं, बाहेर बघ. शेजारचा ऊस सपासप मागे पळतोय, लांबचा डोंगर जागचा हलत नाहीये. पळतंय कोण? आपण! नासानं नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटानं २०२३ मध्ये हेच गणित करून दाखवलं. ती वस्तू समुद्रालगत नव्हतीच. सुमारे १३ हजार फुटांवर होती आणि तिचा वेग निघाला ताशी साधारण ६५ किलोमीटर. म्हणजे आपल्या लालपरीइतका. पळत होतं ते कॅमेरा लावलेलं विमान.

याच गटानं सप्टेंबर २०२३ च्या अहवालात हेही म्हटलं, की परग्रहवासीयांचा पुरावा मिळालेला नाही आणि काही प्रकरणांत मुळात माहितीच इतकी तोकडी आहे की निष्कर्ष काढता येत नाही. सातारकरानं अर्थातच दुसरा अर्धाच ऐकला.

तसा हा पट्टा पुरावे मागणाऱ्यांचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. शिकले सांगलीच्या विलिंग्डनला आणि मग मिरजेच्या मेडिकल कॉलेजात. मी हे काढल्यावर दादानं हुकमी पत्ता टाकला : ‘आणि नारळीकर? कोल्हापूरचेच ना? त्यांना तर वाटायचं पृथ्वीबाहेर जीव असू शकतात!’

वाटायचंच. म्हणून तर २००१ मध्ये हैदराबादहून एक फुगा ४१ किलोमीटर उंचीपर्यंत गेला आणि निर्जंतुक केलेल्या नळ्यांमधून तिथली हवा घेऊन आला. तसाच एक फुगा २००५ मध्ये गेला आणि त्यात सापडलेल्या जिवाणूंच्या तीन नव्या जाती २००९ मध्ये जाहीर झाल्या. एका फुग्यासाठी चार वर्षं थांबले ही माणसं! आपल्याला चार सेकंदांच्या क्लिपवर निकाल हवा असतो.

हळदीचा शो

सांगलीच्या मार्केट यार्डात एकदा हळदीच्या सीझनला जाऊन या, मंडळी. तिथल्या हवेचाच रंग वेगळा असतो. आमच्या कॅमेरावाल्याच्या काकांचं तिथे गोदाम आहे. त्यानं शटर खाली ओढलं, वीतभर फट ठेवली. आत मिट्ट काळोख आणि फटीतून आलेला उन्हाचा एकच पट्टा. त्यात त्यानं मूठभर हळद उधळली.

पट्ट्याबाहेर काही नाही. पट्ट्यात हजारो सोनेरी ठिपके. एकेक कण अंधारातून ‘प्रकट’ होतो, तरंगतो आणि दुसऱ्या बाजूला गायब! सातारकर गप्प. मग मित्रानं हातातल्या पुठ्ठ्यानं हलकीशी हवा मारली. दहा-बारा कण एकदम वळले. जवळचे झपकन, लांबचे सावकाश, काही अजिबात नाही.

‘घेतला यू-टर्न,’ सांगलीकर म्हणाला.

मग त्यानं बॅगेतून एक जुनी मिरर लेन्स काढली. या लेन्सच्या आत, मध्यभागी एक छोटा आरसा असतो. त्यानं फोकस गोदामाच्या पार टोकाला लावला आणि कॅमेऱ्याचा स्क्रीन आमच्याकडे वळवला. जवळचे कण आता ठिपके राहिले नव्हते. मोठ्या गोल गोल चकत्या झाल्या होत्या आणि प्रत्येक चकतीला मधोमध भोक, मेदूवड्यासारखं! फोकसबाहेर गेलेला प्रकाश लेन्सच्या आतल्या रचनेचा आकार घेतो, म्हणून.

हे बघून दादाचा चेहरा उतरला. कारण त्याच्या प्रेझेंटेशनची दुसरी स्लाइड हीच होती : एसटीएस-७५, भोक पडलेल्या तबकड्यांचा थवा.

ती गोष्टही भारी आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये कोलंबिया शटलमधून एक इटालियन उपग्रह २० किलोमीटरहून लांब तारेला बांधून सोडत होते. ती तार अवकाशात वीज निर्माण करू शकते का, हे बघायचं होतं. २५ फेब्रुवारीला, जवळजवळ सगळी सोडून झाल्यावर तार तुटली. काही दिवसांनी शटलच्या कॅमेऱ्यानं शंभरहून जास्त किलोमीटर लांबून तिचं चित्रण केलं. पडद्यावर ट्यूबलाइटसारखी चमकणारी तार आणि तिच्या आजूबाजूला पोहणाऱ्या शेकडो चकत्या. त्यावर दावा असा, की काही चकत्या तारेच्या मागून जातात. म्हणजे त्या तारेहूनही लांब. म्हणजे प्रत्येक चकती काही किलोमीटर आकाराची!

पण तार मुळात जाड किती? सुमारे अडीच मिलीमीटर. शंभर किलोमीटरवरून अडीच मिलीमीटरची तार ट्यूबलाइटएवढी दिसते, तेव्हाच समजायचं की कॅमेरा ओव्हरएक्स्पोज झालाय. जिथे चित्र आधीच पांढरंफट्ट आहे, तिथे पुढून गेलेली फिकट चकती उमटतच नाही. काठोकाठ भरलेल्या बादलीत तांब्याभर पाणी ओतलं तर कळतं का? तसंच. म्हणून ती ‘मागून’ गेल्यासारखी वाटते. शटलवरच्या एका अंतराळवीरानंही तेव्हाच जमिनीवर सांगितलं होतं, की आमच्यासोबत थोडा कचरा उडतोय आणि त्यावर तिरपं ऊन पडलंय. रील बनवणारे नेमकं तेवढंच वाक्य सोडून देतात किंवा ‘बघा, लपवाछपवी’ म्हणून वापरतात.

हे आजचं नाही बरं का. २० फेब्रुवारी १९६२ ला पृथ्वीप्रदक्षिणा घालणारा पहिला अमेरिकन जॉन ग्लेन यालाही खिडकीबाहेर शेकडो चमकते काजवे दिसले होते. तीन महिन्यांनी स्कॉट कार्पेंटर वर गेला, तेव्हा त्यानं यानाची भिंत आतून ठोकली. काजवेच काजवे! यानाच्या बाहेर साचलेलं हिमच होतं ते.

‘मग पोरांना काय सांगू?’

परतीच्या वाटेवर सातारकर कऱ्हाडपर्यंत काही बोलला नाही. मग एकदम म्हणाला, ‘ठीक आहे. बर्फ. धूळ. कचरा. पण हे सांगितलं तर पोरं झोपतील गं. मला आठवीत असताना या गोष्टींनीच तर विज्ञानाची गोडी लागली.’

हे मात्र मला लागलं. ‘यूएफओ नाही, कचरा आहे’ या वाक्यात एक प्रकारची मास्तरकी आहे. समोरच्याच्या हातातलं खेळणं काढून घेतल्यासारखं. त्या रात्री गच्चीवर, समोर अजिंक्यताऱ्याचे दिवे आणि डोक्यावर थंडीतलं स्वच्छ आकाश, मी त्याला लाडबोरीची गोष्ट सांगितली. नवल म्हणजे त्याला ती अर्धवटच माहीत होती.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमाराला विदर्भ, मराठवाडा, खानदेशापासून मध्य प्रदेश-गुजरातपर्यंत लोकांनी आकाशात आगीचे लोळ जाताना पाहिले. एका रांगेत, सावकाश, मागे लांब शेपट्या. उल्का? विमान? क्षेपणास्त्र? तबकडी? मोबाइलवर व्हिडिओंचा पूर आला. न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या एका रॉकेटचे तुकडे असावेत, असा अंदाजही निघाला आणि तो चुकीचा ठरला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात मात्र वाद घालायला कुणाला वेळ नव्हता. लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धाडकन एक धातूची कडी येऊन पडली. व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या वर! स्फोट होईल या भीतीनं लोक घरात जाऊन बसले. आसपासच्या गावांत काळपट पोकळ गोळेही सापडले, रॉकेटमध्ये दाबाखालचा वायू भरून ठेवतात तशा टाक्या. हार्वर्ड-स्मिथसोनियनचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ओळख पटवली : चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेला. वर्षभर तो आपल्या डोक्यावर घिरट्या घालत होता.

‘म्हणजे परग्रहावरून नाही, शेजारून आलं,’ दादा म्हणाला.

आणि हे एकच थोडंच आहे? युरोपियन स्पेस एजन्सीच्या अंदाजानुसार जमिनीवरून ज्यांचा माग ठेवला जातो अशा सुमारे ४० हजार वस्तू वर आहेत. एक सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे बारा लाखांहून जास्त. आकडे ऐकून काही वाटत नसेल तर हे ऐका : १९८३ मध्ये चॅलेंजर शटलच्या खिडकीला रंगाच्या एका टवक्यानं खड्डा पाडला होता. नुसता रंग! आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. २७ मार्च २०१९ ला ‘मिशन शक्ती’मध्ये आपण आपलाच उपग्रह फोडला. मुद्दाम कमी उंचीवर, सुमारे ३०० किलोमीटरवर फोडला, म्हणून बहुतेक तुकडे लवकर जळून गेले. पुढे २०२४ मध्ये इस्रोनं २०३० पर्यंत भारताच्या मोहिमा कचरामुक्त करायचं जाहीर केलं.

शेवटचा मसाला मी राखून ठेवला होता. एसटीएस-४८, म्हणजे त्याच्या पहिल्या स्लाइडवालं शटल, मुळात गेलं होतं कशाला? यूएआरएस नावाचा वातावरणाचा अभ्यास करणारा उपग्रह सोडायला. तो सुमारे सहा टनांचा उपग्रह पुढे बंद पडला, नुसता फिरत राहिला आणि सप्टेंबर २०११ मध्ये प्रशांत महासागरावर कोसळला. त्याआधी काही दिवस जगभरातले लोक ‘आपल्यावर तर नाही ना पडणार’ म्हणून मान वर करून बसले होते. व्हिडिओतल्या ठिपक्यांकडे सगळे बघत राहिले. खरा उडता धोका त्याच ट्रिपमध्ये मागच्या डिकीत होता.

तेवढ्यात अॅपनं सांगितलेल्या वेळेला वायव्येकडून इंटरनॅशनल स्पेस स्टेशन आलं. लखलखीत, न लुकलुकता, विमानाच्या आवाजाशिवाय. २०२५ च्या जून-जुलैत आपला शुभांशू शुक्ला त्यात होता, तेव्हा अख्खी सोसायटी गच्चीवर जमायची म्हणे. डोक्यावरून थोडं पुढे जाऊन ते हळूहळू लाल झालं आणि भर आकाशात विझलं. ढग नाही, काही नाही. पृथ्वीच्या सावलीत शिरलं.

‘हळदीचा कण,’ सातारकर पुटपुटला.

२८ तारखेला मी मागच्या बाकावर बसले होते. पहिली स्लाइड तीच होती, फक्त ‘पुरावा’च्या जागी प्रश्नचिन्ह होतं. दादानं टेबलावर टॉर्च ठेवला, खिडक्या लावायला सांगितल्या आणि पिशवीतून हळद काढली. (शाळेच्या शिपाईमामांचा चेहरा बघण्यासारखा होता.) एकही पोरगं झोपलं नाही. लाडबोरीच्या कडीचा फोटो आला तेव्हा तर मागची रांग बाकावर उभी राहिली.

प्रश्न विचारा म्हटल्यावर एक मुलगी उठली. ‘सर, ते घरावर पडलं असतं तर पैसे कोणी दिले असते?’

दादानं तयारी केली होती. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत आणि चीन दोघेही त्यात आहेत. ज्यानं सोडलं, त्यानं जमिनीवरचं नुकसान भरून द्यायचं. १९७८ मध्ये रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनचा, अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ उपग्रह कॅनडात पडला. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. लाडबोरीत सुदैवानं कुणाला लागलं नाही, म्हणून बिलाचा प्रश्न आला नाही.

मुलगी बसली नाही. ‘मग ती कडी आता गावाची?’

‘नाही,’ दादा म्हणाला. ‘करारानुसार ती चीनची. मागितली तर परत द्यावी लागते.’

‘आमच्या अंगणात टाकून वर परत मागणार?’ ती म्हणाली. त्यानंतर वर्गात जो काही कल्ला झाला, तो आवरायला मुख्याध्यापक बाईंना यावं लागलं.